पिवळ्या घराचा कोपरा

प्लास्टिकचा रंग खरवडायचा असेल तर हेलेवी कोन्तुरीसारखा हात अख्ख्या तेर्वानिएमी शहरात दुसरा नाही. हे मी मैत्रीण म्हणून सांगत नाही. मैत्रीण म्हणून सांगायचं तर ती हट्टी आहे, कॉफी पाणचट करते, आणि वीस वर्षं माझ्याबरोबर एकाच परांचीवर उभी राहूनही स्वतःबद्दल वीस वाक्यं बोललेली नाही. मी शहर बस चालवायचे. दिवसभर माणसांची बडबड ऐकायची सवय. हिच्यासोबत काम करायला लागल्यापासून दोघींच्या वाटचं मलाच बोलावं लागतं.

आमची गल्ली बंदराकडे उतरत जाते. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, ओंडक्यांच्या भिंती, त्यांच्यावर फळ्या, खाली दगडी जोतं. दीडशे वर्षांपेक्षा तरुण घर एखादंच. नगरपालिकेच्या यादीत ती ‘जतन करण्याजोगी’ म्हणून आहेत, पण यादीने घर उभं राहत नाही, ते आमच्या शनिवारांमुळे राहतं. बर्फ वितळला की पुन्हा थंडी पडेपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी कुणा ना कुणाकडे इर्जिक असते. आमच्याकडे तिला ताल्कोत म्हणतात. सगळ्यांनी मिळून एकाच्या घराचं काम उरकायचं. घरधनीण वाटाण्याचं दाट सूप आणि वेलदोड्याचा गोड पाव देते, संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवते, आणि माणसं घामासकट दिवस धुऊन घरी जातात.

नियम एकच, पण कडक. ज्याचं घर त्याने स्वतः दारोदार जाऊन बोलवायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही, दारात उभं राहून तोंडाने सांगायचं. न बोलावता कुणाच्या घराला हात लावला तर त्याला आपण लाचार ठरवलं, असं आमची माणसं मानतात. मला हा नियम मूर्खपणाचा वाटतो. तरी मोडलेला मात्र मीही नाही.

हेलेवीला गेल्या एकतीस वर्षांत ज्याने बोलावलं त्याच्याकडे ती गेली. भिंतीवरचा जुना प्लास्टिकचा रंग ती गरम हवेने मऊ करते आणि पाती अशी फिरवते की रंग सालीसारखा निघतो, खालच्या लाकडाला ओरखडासुद्धा पडत नाही. कुजलेली फळी असेल तर कुजका तेवढाच तुकडा कापते, बाकीची परत लावते. खिडक्यांच्या काचा बसवायची लांबी ती स्वतः मळते, जवसाचं तेल आणि खडूची भुकटी घालून. हल्ली राजधानीतून तरुण मंडळी येतात कामाला. चांगली असतात, पण पहिला तासभर कार्बनबद्दल बोलतात. हेलेवी शांतपणे ऐकून घेते आणि वाकड्या खिळ्यांचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवते.

“हे सरळ करा,” म्हणते. “पृथ्वी तेवढीच वाचेल.”

अशी एकोणीस घरं झाली. तिला कुणी विचारलं, तुझ्या घराचं कधी? की उत्तर ठरलेलं, “आधी तुमची. माझं शेवटी.”

तिचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे, पिवळंधमक. एकोणीस घरांचा प्लास्टिकचा रंग जिने उतरवला तिच्याच घरावर तो अजून होता, जागोजागी फुगलेला. समुद्राकडचा कोपरा खचला होता. स्वयंपाकघरात चुलीवर दूध ठेवलं की भांड्यात एका बाजूला दोन बोटं वर चढलेलं दिसायचं. दर वसंतात ती मागच्या दाराचा खालचा काठ रंध्याने तासायची, म्हणजे ते उन्हाळाभर तरी लागायचं. मी म्हणायचे, “अगं, दार तासून तासून एक दिवस नुसती कडी उरेल.” ती हसायची आणि विषय संपायचा.

यंदा जुलैमध्ये नगरपालिकेचं पत्र आलं. कोपऱ्याखालचा ओंडका कुजलाय, हिवाळ्याआधी बदलला नाही तर घरात राहता येणार नाही. तिची भाची तुइया लगेच आली आणि नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघून गेली. लिफ्ट होती, गरम फरशी होती, बाल्कनीतून दुसरी बाल्कनी दिसत होती. ऑगस्टअखेर हो की नाही ते कळवायचं होतं.

एक दिवस दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर खोकी होती. एकात कपबशा गुंडाळून ठेवायला सुरुवातही झाली होती. मला राग आला. मला राग लवकर येतो, पण हा खराखुरा होता.

“हे काय चाललंय?”

“आवरतेय जरा.”

“हेलेवी, एकोणीस घरं. माझ्या घराच्या उत्तरेकडच्या सगळ्या फळ्या कुजल्या तेव्हा तू नऊ शनिवार आलीस. आणि स्वतःसाठी गल्लीत एक फेरी मारायला तुला जड जातंय? एकेक दार ठोकायचं, ‘या’ म्हणायचं. अख्खी गल्ली वाट बघतेय तुझी.”

“पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी तू लिफ्टमध्ये असशील.”

ती कपाभोवती वर्तमानपत्र गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “ओंडका बदलायचा तर काउको लागेल.”

यात नवं काय होतं? घराला जॅक लावून केसाकेसाने वर उचलायचं, खालचा कुजका ओंडका काढायचा आणि नवा सरकवायचा, याला आम्ही घराला जोडा घालणं म्हणतो. ते काम काउको निस्कालाशिवाय कुणाला येत नाही. पासष्ट वर्षांचा, एकटा, हेलेवीपेक्षाही कमी बोलणारा माणूस. दोघं तीस वर्षं एकाच इर्जिकीत काम करतात, तो जोत्याशी, ती भिंतीवर. त्यांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, दोन मुके आहेत, बोलणार काय.

“मग बोलव की काउकोला.”

“त्याच्या दारात मी उभी राहू शकत नाही, पिर्को.” तिने कप खाली ठेवला. “मी दुकानात होते ते आठवतं तुला? चौकातल्या, रंगांच्या?”

“न आठवायला काय झालं. तू गल्ल्यामागे असायचीस, निळा डगला घालून. आमचे वडील म्हणायचे, कोन्तुरींची पोर हुशार आहे, ती सांगेल ते घ्या.”

“तेच तर झालं ना,” ती म्हणाली.

आणि मग माझी मैत्रीण त्या दुपारी वीस वर्षांचं एकदम बोलली. सत्तरीच्या दशकात तेल महागलं, तेव्हा कारखान्याने दुकानातल्या मुलींना दोन दिवसांचं शिक्षण दिलं. नवा रंग, वीस वर्षं बघायला नको, पावसाचा थेंब आत जाणार नाही. जोत्यातले झरोके बुजवा, घर गरम राहील. ती सव्वीस वर्षांची होती आणि तिचा त्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसला. सगळ्यात आधी तिने स्वतःचं घर पिवळं केलं. लोक बघायला यायचे. घरातून निघून थेट दुकानात यायचे. गल्लीतलं एकेक घर तिने असं रंगवलं. थेंब आत गेला नाही हे खरं, पण आतली ओल बाहेरही गेली नाही. दहा वर्षांत ओंडके बुडापासून कुजायला लागले.

“एल्मा निस्कालाचं घर पाडलं तेव्हा मी समोर उभी होते,” ती म्हणाली. “यंत्राने भिंत ओढली तर खालचा ओंडका भिजलेल्या पावासारखा तुटला. एल्मा फ्लॅटमध्ये गेली आणि दुसऱ्या हिवाळ्यात वारली. आता तिथे चार गाड्या उभ्या असतात. तिच्या मुलाला मी कोणत्या तोंडाने सांगू की माझं घर वाचव?”

“अगं, सगळा देश तोच रंग लावत होता. सगळा देश मूर्ख होता.”

“देशाने एल्माला विकला नाही. मी विकला.”

म्हणजे तिचे ते एकतीस वर्षांचे शनिवार ही त्या रंगाची फेड होती. आम्ही तिला उत्साही म्हणायचो. भाषणात एकदा कुणीतरी तिला ‘गल्लीची मधमाशी’ म्हटलं होतं आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. मला त्या टाळ्यांची आता लाज वाटली. मी तिच्या शेजारी बसले आणि खोक्यातले कप एकेक करून बाहेर काढायला लागले. तिने अडवलं नाही.

“हे तू त्याला सांगायचं,” मी म्हणाले. “घरासाठी नको. घर गेलं खड्ड्यात. पण हे पोटात घेऊन तू लिफ्टमध्ये बसू नकोस.”

तिला तयार करायला मला आठ दिवस लागले. शेवटी रविवारी अकराला आम्ही निघालो. तिने चर्चला जायचा कोट घातला होता. सोबत मी नुसती उभी राहणार, तोंड उघडणार नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

काउको अंगणात बाकावर बसून निळ्या बेरी निवडत होता. बोटं जांभळी झाली होती. आम्हाला बघून त्याने मान हलवली आणि बादली सरकवून जागा केली. हेलेवी फाटकाच्या दोन पावलं आत थांबली.

“बस,” तो म्हणाला.

“नको. उभ्यानेच सांगते. तुझ्या आईच्या घराचा रंग मी विकला होता.”

“माहीत आहे.”

“झरोके बुजवायलाही मीच सांगितलं. ते घर माझ्यामुळे पडलं, काउको. हे मी एल्मा जिवंत असताना तिला सांगायला हवं होतं. नाही जमलं. तुलाही नाही सांगितलं.”

काउकोने हातातलं पान खाली टाकलं. आणखी मूठभर बेरी निवडल्या. मी कबूल केल्याप्रमाणे गप्प होते, पण मला ते फार कठीण जात होतं.

“तो दिवस आठवतो तुला?” त्याने विचारलं.

“कुठला?”

“मी रंग न्यायला आलो तो.”

“नाही. इतके लोक यायचे.”

“मला आठवतो. मंगळवार होता. आई आठवड्यासाठी मावशीकडे गेली होती. जाताना तिने मला गेरू आणि हिराकस आणायला सांगितलं होतं. पिठाची खळ शिजवून घरी रंग करायची ती, दर वेळी लालच. मी एकोणीस वर्षांचा होतो. गल्लीत सगळ्यांची घरं चकाचक झाली होती आणि आमचंच तेवढं मातीने माखलेलं. मला लाज वाटायची. मी दुकानात आलो आणि पांढरा मागितला.” तो थांबला. “तू मला विचारलंस. म्हणालीस, ‘आईला हवाय ना हा? ती तर नेहमी गेरू नेते.’ मी हो म्हणालो. डबे बांधताना तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा हो म्हणालो.”

हेलेवीने मागे सरून फाटक धरलं.

“आई परत आली तेव्हा घर पांढरं झालेलं. बघत उभी राहिली. मग म्हणाली, छान दिसतंय. घर पाडलं त्या दिवशीही ती मला काही बोलली नाही. फ्लॅटमध्ये शेवटी शेवटी तिला फारसं आठवायचं नाही, पण मला म्हणायची, रंग किती नीट लावला होतास रे.” काउकोने जांभळ्या हाताने डोळे पुसले आणि सगळा चेहरा माखून घेतला. “ती गेली, मग मी कुऱ्हाड धरायला शिकलो.”

“मी विचारलं होतं?” हेलेवी म्हणाली. “खरंच विचारलं होतं?”

“दोनदा. मला वाटायचं तुला आठवतंय. म्हणूनच तू माझ्याशी बोलत नाहीस. माझ्या खोटेपणाचा बोल तुझ्यावर आला आणि मी कधी तोंड उघडलं नाही, म्हणून.”

ती आता बाकावर बसली. कोट घातलेली हेलेवी आणि बेरीने माखलेला काउको. सेहेचाळीस वर्षं या दोन माणसांनी एकाच घराचं ओझं आपापल्या खांद्यावर वाहिलं होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा आपल्याकडे बोट दाखवतोय. मला रडू आलं. ते लपवायला मी अंगणात इकडेतिकडे बघायला लागले, तर कुंपणापाशी पत्र्याखाली एक ओंडका दिसला. लांब, जाड, साल काढून तासलेला, खाली ठोकळे देऊन वाळत ठेवलेला.

“हा कुणाच्या घराचा?” मी विचारलं. कबूल केलेलं मोडलं, पण कुणीतरी बोलायला हवं होतं.

“तिच्या,” काउको म्हणाला. “साडेसात मीटर. रस्त्यावरून पावलं टाकून मापलं. तीन हिवाळे झाले वाळतोय.”

“तीन हिवाळे!” मी ओरडलेच. “अरे मग बोलला का नाहीस?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बस चुकीच्या रस्त्याने नेलीय. “मला बोलावलं कुठे होतं?”

हेलेवी हसली. रडता रडता हसली, आणि रुमालाने आधी स्वतःचं नाक पुसलं, मग तोच रुमाल त्याला दिला. “एकोणीस वर्षांचा होतास रे तू,” ती म्हणाली.

“तू तरी किती मोठी होतीस?”

ती उठली. फाटकापर्यंत गेली, बाहेर पडली, आणि फाटक लावून पुन्हा ठोकलं. आमची माणसं अशी आहेत.

“काउको निस्काला,” ती म्हणाली, “शनिवारी आठ वाजता माझ्याकडे ये. माझ्या घराचा कोपरा उचलायचाय.”

शनिवारी चौतीस माणसं आली. सूप मीच केलं, कारण तिच्या चुलीवर भांडं सरळ उभं राहत नव्हतं. काउकोने एकच अट घातली होती. जॅक लावायच्या आधी कोपऱ्यावरचा रंग तो स्वतः काढणार. त्याला खरवडायचं काम येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच फळीला त्याने लाकडात खाच पाडली.

“अरे, असं नाही,” हेलेवी मागून म्हणाली. “पाती आडवी धर. रंगाला निघू दे, तू ओढू नकोस.” तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या हाताने एक लांब पट्टी काढली. पिवळ्याखाली जुना लाल दिसायला लागला. काउकोचे डोळे वाहत होते आणि तो पुसत नव्हता. गल्लीतल्या चौतीस माणसांना एकदम आपापल्या हातातलं काम फार महत्त्वाचं वाटायला लागलं.

दुपारी कोपरा वर गेला. आधी करकरला, मग एकदा असा उसासला की आत खिडकीची काच वाजली. कुजका ओंडका फावड्याने काढावा लागला. नवा बसला तेव्हा काउकोने पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध थांबला, आणि त्याने नुसतं “हं” केलं. जोत्यातले बुजवलेले सहाही झरोके हेलेवीने छिन्नीने स्वतः फोडले. संध्याकाळी तुइया आली, फ्लॅटचे कागद घेऊन. मावशी सौनात आहे असं मी तिला सांगितलं आणि तिच्याही हातात सूप दिलं.

बाकीच्या भिंती खरवडायला पुढचे तीन शनिवार गेले. सप्टेंबर संपत आला होता, रंगाचे दिवस हातातून चालले होते. फळ्या उघड्या, कोरड्या, धूसर दिसत होत्या. अंगणात मोठं पातेलं विटांवर ठेवलं होतं आणि खाली जाळ घातला होता. राजधानीतल्या मंडळींनी विचारलं, रंग कोणता? पिवळाच का? हेलेवीने पातेल्यात पीठ सोडलं आणि ढवळत म्हणाली, “एल्माला लाल आवडायचा.”

मग तिने काउकोला हाक मारली. तो जोत्याशी ओंडक्यांच्या फटींत ताग ठासत बसला होता. हात झटकत आला.

“दुकानात जाऊन ये,” ती म्हणाली. “गेरू आणि हिराकस आण.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता याला चालवणार नाही. मग त्याने टोपी काढली, परत घातली, आणि चढावरून चौकातल्या त्याच दुकानाकडे निघाला. खळ शिजत आली होती. हेलेवी ढवळायची थांबली नाही, पण तिची नजर रस्त्यावर होती, आणि माझीही.

अर्ध्या तासाने तो परत आला. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही खांद्यांवर पिशव्या, धापा टाकत. त्याने त्या पातेल्याशी ठेवल्या आणि तोंडं सोडली. एकीत गेरू होता, दुसरीत हिराकस.